डोळ्यांना न दिसणारा कोरडेपणा

अध्यक्ष महोदय आणि या उकाड्यातही आलेल्या श्रोतेहो,

सोरायसिस हा त्वचेचा आजार, तो स्पर्शाने पसरत नाही, हे तुम्ही जाणताच, पुढे जातो. माझं भांडण आहे 'पासी'शी. १९७८ पासून हा आजार मोजायची ही गुणपद्धत: लाली, जाडी, खवले आणि व्यापलेला भाग, शून्य ते ७२. सगळं नजरेच्या अंदाजाने! गोऱ्या कातडीवर चट्टा लालबुंद दिसतो, आपल्या सावळ्या कातडीवर तोच जांभळट नाहीतर करडा. लालीचे गुण कमी पडतात, आजार तेवढाच असतो. म्हणून मी म्हणतो, त्वचेतलं पाणीही मोजा.

आता एक गोष्ट. माझ्याकडे एक शिक्षिकाबाई यायच्या, तळहातांवर सोरायसिस. शाळेत अंगठ्याची हजेरी आली आणि यंत्र काही त्यांना ओळखेना. शिपाई म्हणाला, अंगठा कपाळावर घासा. घासला. लिपिक म्हणाला, फुंकर मारा. मारली. मागे रांग खोळंबलेली, प्रार्थनेची घंटा होऊन गेलेली, आणि वर्गात असूनही बाई कागदावर गैरहजर! हसा, पण यंत्राचं चुकत नव्हतं. तसल्या यंत्रातल्या चिपवर हजारो बारीक विद्युत-संवेदक असतात. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विद्युतभार साठवू देण्याचं माप, ८० च्या आसपास, सुक्या कातडीचा त्यामानाने अगदीच किरकोळ. ओलावा नाही, तर अंगठ्याचं चित्रच उमटत नाही.

फ्रान्समध्ये लॉरियालच्या संशोधकांनी हीच बोटांच्या ठशांची चिप उचलली आणि २००३ मध्ये तिने त्वचेची चित्रं काढून दाखवली. एकेक ठिपका ५० मायक्रॉनचा. ओलसर भाग काळा, कोरडा पांढरा. सुई नाही, तुकडा काढणं नाही. आणि कातडी काळी की गोरी, हे त्या चिपला कळतच नाही!

पहिल्या रांगेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक मान हलवताहेत. सर, कबूल. यंत्र वीज मोजतं, पाण्याचा आपण अंदाज बांधतो. खवल्यांत हवा अडकते, हवेचा स्थिरांक एक. चट्टा आहे त्याहून कोरडा भासतो. शिवाय ही चिप फक्त वरचा थर पाहते. चट्ट्यातून पाणी उडून जातं निरोगी त्वचेपेक्षा जास्त. पेशी महिन्याऐवजी चार-पाच दिवसांत वर येतात, त्वचेची भिंत कच्चीच राहते. ती गळती मोजायला वेगळं उपकरण लागतं. पण म्हणून काय नजरेवरच विसंबायचं?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, दोन. उरलेलं गाळतो. एवढंच ऐका: मोजणीआधी मलम नको, आणि वीस-बावीस अंशांच्या खोलीत वीसेक मिनिटं स्वस्थ बसायचं, घाम आला की आकडा फसवा. तेव्हा असं यंत्र माझ्या पिशवीत आहे हे खरं, पण बाहेर पडताना कुणी हात पुढे करू नका. या सभागृहात आज सगळ्यांचीच त्वचा ओलीचिंब निघेल.