पित्त म्हणून सोडून देऊ नका

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी म्हटले, "मी सातवी शिकलेली बाई, मी कसले भाषण करणार?" त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात जे घडले तेवढेच सांगा." म्हणून आज उभी राहिले आहे. डॉक्टरांनी सांगितलेले मी वहीत उतरवून घेतले होते. काही माझ्या मुलीने वाचून समजावून दिले. चूकभूल पदरात घ्यावी.

माझ्या सासूबाई तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असतील. मी लग्न होऊन बेटेगावात आले तेव्हापासून त्यांच्या फडताळात सोड्याची डबी असे. जेवण झाले की छातीत जळजळ. मग चिमूटभर सोडा पाण्यात घालून प्यायचा, ढेकर आली की म्हणायचे, "गेलं बाई पित्त." सकाळी दातांना मशेरी लागायची ती निराळीच.

2015 च्या पावसाळ्यात त्यांचे जेवण तुटले. दोन घास खाल्ले की पोट भरे. पोलक्याच्या बाह्या सैल झाल्या. एके दिवशी त्यांनी मला परसात बोलावून हळूच सांगितले, की शौचाला डांबरासारखे काळे होते. वर म्हणाल्या, "कोणाला सांगू नकोस. पोरं उगाच घाबरतील." मी सांगितले नाही. मला वाटले, सासूबाईंचा शब्द राखला. त्यात दोन महिने गेले. दिवाळीत उलट्या सुरू झाल्या, तेव्हा दुर्बिणीची तपासणी झाली आणि जठराचा कॅन्सर निघाला. बोईसरहून गाडीने त्यांना मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात नेले. पण रोग तोवर यकृतात पोचला होता. 2016 च्या चैत्रात त्या गेल्या. ते दोन महिने माझ्या मनातून अजून जात नाहीत.

पुढे 2022 साली मलाही तशीच जळजळ होऊ लागली. मीही तीच डबी काढली. चार महिने सोडा घेतला. एका रात्री हातातल्या पेल्याकडे पाहिले आणि सासूबाई आठवल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी सगळे विचारले. सासूबाईंचे सांगितल्यावर शौचाची एक तपासणी करावयास लावली. तिच्यात एक जंतू सापडला. त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. नाव अवघड आहे, आपण त्याला जठराचा जंतू म्हणू.

आपल्या जठरात तीव्र आम्ल असते. त्यात जंतू जगणार नाहीत, असे मोठमोठ्या डॉक्टरांनाही पूर्वी वाटे. हा जंतू मळसूत्रासारखा पिळाचा असतो. जठराला आतून भेंडीच्या पाण्यासारखे बुळबुळीत अस्तर असते, त्यात तो शिरून बसतो. आणि स्वतःभोवती अमोनिया तयार करून आम्ल मारतो. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा मी म्हटले, "म्हणजे आम्ही सोडा पितो, तसा तो आपला सोडा आपणच करतो!" ते हसून म्हणाले, "तसेच समजा."

हा जंतू ओळखला तो ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरातल्या दोन डॉक्टरांनी, रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी. रोग्यांच्या जठरातून घेतलेले नमुने ते काचेच्या बशीत विरजणासारखे लावून ठेवीत, पण काही उगवत नसे. 1982 साली ईस्टरच्या सुट्टीमुळे बशा नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्या आणि जंतू वाढलेले दिसले. घाई केली की विरजण लागत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको! तरी लोकांचा विश्वास बसेना. म्हणून 1984 साली मार्शल यांनी ते जंतू स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांत उलट्या झाल्या, जठराला सूज आली. घरी बायकोला मात्र त्यांनी आधी सांगितले नव्हते. 2005 साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जठराच्या नि लहान आतड्याच्या बहुतेक अल्सरांमागे हा जंतू असतो, हे त्यांच्या कामातून कळले. पुढे 1994 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने त्याला कॅन्सरचे कारण म्हणून जाहीर केले. जंतू आज आला आणि उद्या कॅन्सर झाला, असे मात्र नाही. आधी जठराला कायमची सूज राहते. वर्षानुवर्षे सूज राहिली की अस्तर झिजते. झिजलेल्या जागी आतड्यासारखे निराळेच अस्तर धरते. मग एखाद्याच्या बाबतीत तेथे कॅन्सर उपजतो. या सगळ्याला वीस-तीस वर्षेही लागतात. म्हणजे देवाने आपल्याला वेळ दिलेला असतो, तो आपण सोडा पिण्यात घालवतो.

आता कोणी घाबरू नका. हा जंतू जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांच्या पोटात असतो. हैदराबादेत 1991 च्या सुमारास तपासणी झाली, तेव्हा शंभरांतील सुमारे ऐंशी जणांत त्याची खूण सापडली. पण जंतू असलेल्या शंभरांपैकी कॅन्सर होतो तो एक ते तीन जणांना. मुंबईत 1963 पासून आणि खेड्यांसाठी बार्शीला 1987 पासून कॅन्सरच्या रोग्यांची नोंद ठेवतात. आपल्याकडे जठराचा कॅन्सर मिझोराम किंवा चेन्नईकडच्या मानाने कमी आढळतो. जंतू पुष्कळ आणि कॅन्सर कमी, हे कोडे शास्त्रज्ञांनाही पुरते उलगडलेले नाही. जंतूची जात, माणसाचा पिंड, खाणे, तंबाखू, सगळ्याचा त्यात वाटा आहे.

मी डॉक्टरांना मनातली भीती विचारली. "मी मुलांना लहानपणी भाकरी चावून भरवली. आमच्या सासूबाईंनीही भरवली. मग माझ्या हातूनच झाले का?" ते म्हणाले, "ताई, हा जंतू बहुधा लहानपणीच लागतो. लाळेतून, उलटीतून, शौचाच्या हातातून, अस्वच्छ पाण्यातून. नेमका कोणाकडून लागला, हे कोणी सांगू शकणार नाही. पुढे नातवंडांना चावून भरवू नका, म्हणजे झाले." मला तेथेच रडू आले.

मग त्यांनी विचारले, "सासूबाईंची मुले कोठे आहेत?" मी चमकले. मी माझे दुखणे घेऊन गेले होते. त्यांनी समजावले, की आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला जठराचा कॅन्सर झाला असेल, तर त्या माणसाला धोका अधिक. त्याने काही दुखत नसले तरी जंतूची तपासणी करून घ्यावी. मी तर सून, परक्या घरून आलेली. खरी गरज यांना आणि माझ्या नणंदेला होती!

घरी हे म्हणाले, "मला काय धाड भरली आहे? कंपनीत रोज पाळी करतो, दोन भाकऱ्या जिरवतो." मी पंधरा दिवस विषय सोडला नाही. शेवटी म्हटले, "आईंच्या वेळी मी गप्प बसले. आता बसणार नाही." तेव्हा गेले. त्यांच्याही पोटात जंतू निघाला. नणंदेच्या निघाला नाही.

औषध चौदा दिवसांचे होते. दोन तऱ्हेच्या जंतुनाशक गोळ्या आणि आम्ल कमी करणारी एक. तोंड कडू होते, मळमळते. सहाव्या दिवशी यांनी गोळ्या टाकून द्यावयाचे ठरवले होते. पण अर्धे औषध घेतले तर जंतू मरत नाही, उलट गोळ्यांना दाद देईनासा होतो. म्हणून मी पुढ्यात बसून गोळ्या दिल्या. संपल्यावर महिनाभराने पुन्हा तपासणी केली. दोघेही मोकळे झालो. डॉक्टर म्हणाले, "धोका कमी झाला, अगदी नाहीसा झाला असे नाही. त्रास झाला तर पुन्हा या." वेळीच जंतू घालवला तर या कॅन्सरचे प्रमाण घटते, हे तैवानच्या मात्सू बेटांवर 2004 पासून गावच्या गाव तपासून औषध दिले तेव्हा दिसून आले आहे.

भगिनींनो, एवढे ध्यानात ठेवा. गिळताना अडकणे, कारण नसता वजन उतरणे, थोडक्यात पोट भरणे, रक्ताची उलटी, काळे शौच, अंगातले रक्त कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते डॉक्टरांनी ठरवावे. चाळिशीनंतर पित्ताचा त्रास नव्याने सुरू झाला तरी जा. दुकानातली गोळी मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका. तिने जळजळ थांबते आणि आतला रोग झाकला जातो. तपासणीपूर्वी तुम्ही अशी गोळी घेत असाल तर तेही सांगा, नाहीतर जंतू असून दिसत नाही.

मशेरी सोडा. आपण सातपाटी-डहाणूच्या किनाऱ्याजवळची माणसे, सुक्या मासळीवाचून आपला पावसाळा जात नाही. उन्हात वाळवलेला बोंबील खुशाल खा. मिठात मुरवलेली मासळी आणि खारट लोणची मात्र रोज नकोत. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवा. घरात कोणाला जंतू निघाला तर त्याचे ताट वेगळे मांडून त्याला दुखवू नका. तो विटाळ नव्हे, औषधाने जाणारा आजार आहे.

आणि शेवटचे. आपण बायका दुखणे लपवतो. सर्वांचे जेवण झाल्यावर जेवतो, सर्वांचे औषध झाल्यावर आपले औषध. परसात बोलावून एखादीने तुम्हाला असे काही सांगितले आणि "कोणाला सांगू नकोस" म्हटले, तर तिचा शब्द मोडा. मी मोडला नाही, म्हणून हे सांगते. आज घरी गेल्यावर फडताळातली सोड्याची डबी पाहा, आणि रोज ती कोण उघडते, एवढे विचारा.