स्वातीचा तारा



पगारवाढ आणि बोनस यांवर बोलणाऱ्या माणसाला आपण ताऱ्यावर बोलायला उभे केलेत, तेव्हा थोडी जबाबदारी आपलीही आहे. आमचे शिक्षण सातवीत थांबले. पुढचे सारे वाचनालयात आणि दुसऱ्या पाळीच्या वाटेवर झाले. वैशाखात ही पाळी सुटते तेव्हा स्वाती जवळजवळ डोक्यावर असते. तिथली आमची ओळख.

सप्तर्षींच्या शेपटीतले अंगिरस, वसिष्ठ, मरीची यांचा बाक तसाच पुढे न्यावा. भूतप मंडळातला जो ठळक नारिंगी तारा लागतो, तो स्वाती. व्यास सूर्याच्या सुमारे २५ पट, तेज दीडशेपटीहून अधिक. म्हणून त्याला राक्षसी तारा म्हणतात. पण वजन? सूर्यापेक्षा फारसे जास्त नाही. प्रथम वाचले तेव्हा आम्हाला छापण्यातली चूक वाटली. खुलासा असा की, गाभ्यातला हायड्रोजन संपला, गाभा आकसून तापला, भोवतीच्या थरातला हायड्रोजन पूर्वीपेक्षा जोराने खर्ची पडू लागला आणि बाहेरचे अंग फुगून निवले. निवले म्हणजे तरी ४,००० अंश! आपल्या सूर्याचीही काही अब्ज वर्षांनी हीच गत आहे.

शिकागोचे प्रदर्शन १९३३ च्या मे महिन्यात याच ताऱ्याच्या प्रकाशाने उघडले. दुर्बिणीतून तो प्रकाश विजेच्या घटावर घेऊन दिवे लावले. हिशेब असा की, तिथल्याच १८९३ च्या प्रदर्शनावेळी निघालेला किरण ४० वर्षांनी पोचतो आहे. आजच्या मोजणीने अंतर ३७ प्रकाशवर्षांहून किंचित कमी; म्हणजे किरण निघाला १८९६ च्या सुमारास. त्या वर्षी मुंबईत प्लेग शिरला, आणि गिरणी कामगार गाठोडी बांधून गावाकडे निघाले. पोचला तेव्हा अमेरिकेत महामंदी होती, लाखो हात रिकामे होते. प्रदर्शनाच्या दिव्यांचे कौतुक वाचताना आम्हाला हे आठवल्यावाचून राहत नाही.

कारखान्याच्या दारात एकाने आम्हाला विचारले, "भाऊ, हे कळून महागाईभत्ता वाढतो का?" नाही वाढत, आम्ही म्हणालो. दुसऱ्या रात्री तोच गडी थांबून विचारू लागला, सूर्य फुगेल तेव्हा पृथ्वीचे काय? बुध गिळला जाईल, शुक्रही बहुधा. पृथ्वीविषयी शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही, पण समुद्र त्याच्या कितीतरी आधी आटलेले असतील, असे सांगितले. तो बराच वेळ वर पाहत राहिला. त्याची बस चुकली.