चाळणीचे स्थान कोणते?

(पंचायत सदस्य, मुख्याध्यापक व विस्तार अधिकारी यांच्या शिबिरातील भाषण)



आपल्या घरी पीठ चाळल्याशिवाय परातीत पडत नाही. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की, चाळणीवर भाषण कशाला, असे आपणांस वाटेल. परंतु शाळेच्या आहारासाठी वा विक्रीसाठी पीठ पोत्यांच्या हिशेबाने तयार होते, तेव्हा चाळणे ही केवळ रीत राहत नाही. ती जबाबदारी ठरते.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांच्या अन्नाचा विचार सुरू असता असे आढळले की, तयार माल तपासून सुरक्षिततेची खात्री करावयाची, तर बराचसा माल तपासणीतच संपेल. म्हणून धोका जेथे उद्भवतो तेथेच त्याला अडविण्याची पद्धती पुढे आली. १९९३ साली कोडेक्स आयोगाने तिची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. एखाद्या महत्त्वाच्या धोक्याच्या नियंत्रणासाठी जी पायरी अत्यावश्यक असते, तिला या पद्धतीत ‘निर्णायक नियंत्रण बिंदू’ म्हणतात.

मग चाळणे हा निर्णायक बिंदू आहे काय? याचे एकच एक उत्तर नाही. चाळण कोठे बसविली आहे, यावर ते अवलंबून आहे. दळण्यापूर्वी धान्य चाळतो, ते काडीकचरा व ढेकळे काढण्यासाठी. त्यात काही निसटले तरी पुढे दुसरी चाळण आहे. म्हणून ही पायरी नित्याच्या स्वच्छतेत मोडते. पिशवी भरण्यापूर्वीच्या शेवटच्या चाळणीचे तसे नाही. तिच्यापुढे दुसरा अडसर नसेल, तर खडा, काच वा तारेचा तुकडा आणि मुलाचे तोंड यांच्यामध्ये तीच एक उभी असते. येथे ती निर्णायक ठरते. पुढे लोहचुंबक असेल, तर लोखंडाचा धोका तेथे अडेल. काच आणि खडा मात्र चुंबकाला दाद देत नाहीत.

चाळणीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. ती जंतू काढीत नाही, बुरशीचे विष काढीत नाही. बाजरीवरील अरगट दाण्यांच्या आकाराचा असला, तर चाळणीतून सुटतो. त्यासाठी बाजरी मिठाच्या दाट पाण्यात टाकून वर तरंगणारा अरगट काढावा लागतो. सर्वच पायऱ्यांना निर्णायक म्हणू लागलो, तर खऱ्या निर्णायक पायरीकडेच दुर्लक्ष होईल.

एका लहान गिरणीत मी नोंदवही पाहिली होती. रोजच्या रकान्यात ‘चाळण ठीक’ असा एकाच हाताचा शेरा होता. जाळी उजेडात धरली, तेव्हा कडेला बोट जाईल एवढी ती फाटलेली दिसली. ती कधी फाटली, हे कोणालाच सांगता येईना. मग किती दिवसांचे पीठ परत बोलवावयाचे? आणि जाळीच्या तुटलेल्या तारा कोठे गेल्या? या प्रश्नांना त्या वहीत उत्तर नव्हते.

म्हणून शेवटची चाळण निर्णायक ठरविली की, तीन गोष्टी ओघानेच येतात. जाळीच्या छिद्रांचे माप ठरलेले असावे आणि जाळी अखंड असावी. काम सुरू करताना व संपविताना ती उजेडात पाहून वेळ आणि सही यांसह नोंद करावी. चाळणीवर काय उरले, तेही लिहावे. जाळी फाटलेली आढळल्यास, शेवटची निर्दोष नोंद झाल्यापासूनचे सर्व पीठ बाजूला ठेवावे आणि अखंड जाळीतून पुन्हा चाळल्यावाचून ते बाहेर जाऊ देऊ नये. दिवसातून दोनदा पाहिले, तर शंका एका दिवसाच्या पिठापुरती राहते; महिन्यातून एकदा पाहिले, तर ती महिनाभराच्या पिठावर पसरते.

यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. गावातील बचतगटाची भगिनीही हे काम चोख करू शकेल. आपण गिरणीस वा शाळेच्या स्वयंपाकघरास भेट द्याल, तेव्हा नोंदवहीतील शेऱ्यावर न थांबता जाळी काढून उजेडात धरावयास सांगा, एवढीच माझी विनंती आहे.