संकेतस्थळांचा लघुउद्योग : वाढ, देयक आणि विश्वास

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लघुउद्योग म्हटले की डोळ्यांसमोर यंत्रमाग, लेथ, तेलघाणी किंवा औद्योगिक वसाहतीतील पत्र्याची शेड उभी राहते. संकेतस्थळे तयार करणारी कंपनी यांपैकी कशातच बसत नाही. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतील एखाद्या दुकानाच्या माडीवर, दोन खोल्यांत चार-सहा तरुण-तरुणी संगणकापुढे बसलेल्या असतात. तेथे कच्चा माल उतरत नाही, पक्का माल ट्रकमध्ये भरला जात नाही, धुराडे नाही, भोंगा नाही. तरीही तो कारखानाच आहे, आणि त्याचा ग्राहक बहुधा आपणांपैकीच कोणीतरी असतो : शाळा-महाविद्यालय, सहकारी पतसंस्था, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत. हा उद्योग जगतो कसा, वाढतो कसा आणि पुष्कळदा वाढता वाढताच का मोडतो, हे ग्राहकाने समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

खुली झालेली विद्या

या उद्योगाचा पाया औदार्यावर उभा आहे. जगभरच्या संगणकांतील माहिती परस्परांशी जोडण्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणतेही शुल्क न आकारता सर्वांना खुले केले. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. १९९१ मध्ये जन्मलेली लिनक्स ही कार्यप्रणाली आणि २००३ मध्ये आलेली वर्डप्रेस ही संकेतस्थळ-प्रणाली, दोन्ही विनामूल्य व खुल्या आहेत. १९८१ मध्ये सात अभियंत्यांनी पुण्यात इन्फोसिस स्थापन केली, त्या काळी परदेशातून संगणक आणावयाचा तर सरकारी परवाना लागत असे. आज दोन संगणक, वीज, इंटरनेटची जोडणी आणि शिकलेली बुद्धी एवढ्यावर दुकान मांडता येते.

प्रवेश असा सोपा असल्यामुळेच टिकणे अवघड झाले आहे. हुन्नर असूनही अनेक कंपन्या दोन-तीन वर्षांत का थकतात, याचे उत्तर तंत्रज्ञानात नव्हे, तर त्यांच्या जमाखर्चाच्या वहीत सापडते.

भांडवल म्हणजे पगार

यंत्रमागवाल्याचे भांडवल मागात असते. वेळ आली तर माग विकता येतो. संकेतस्थळाच्या कंपनीचे भांडवल म्हणजे दर महिन्याला द्यावयाचा पगार. तो एकदा दिला की विकण्याजोगे काही हाती राहत नाही.

एक हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहू. समजा, कंपनीत सहा माणसे आहेत. प्रत्येकास सरासरी ३०,००० रुपये, म्हणजे महिना १,८०,००० रुपये पगार. भाडे, वीज, इंटरनेट व किरकोळ खर्च ४०,००० रुपये. एकूण मासिक खर्च २,२०,००० रुपये. एका शिक्षण संस्थेचे ३ लाख रुपयांचे काम मिळाले. निम्मी माणसे त्यावर दोन महिने बसली. त्यांचा पगार १,८०,००० आणि इतर खर्चातील निम्मा वाटा ४०,००० धरता काम २,२०,००० रुपयांत झाले. कागदावर ८०,००० रुपये नफा दिसतो.

आता पुढचा भाग पाहावा. देयकात १८ टक्के दराने ५४,००० रुपये वस्तू व सेवा कर आकारला गेला. हा कर ग्राहकाने पैसे दिल्यावर नव्हे, तर देयक काढले त्या महिन्याच्या हिशेबाने पुढील महिन्यात भरावा लागतो. ग्राहकाने चार महिने देयक अडवून ठेवले, तर कंपनीचे २,२०,००० आणि ५४,००० मिळून २,७४,००० रुपये अडकून पडतात. दरमहा दीड टक्का व्याजाने ती रक्कम उचलली, तर चार महिन्यांत १६,४४० रुपये व्याज जाते. नफ्याचा पाचवा हिस्सा येथेच संपला. अशी तीन देयके एका वेळी थकली, तर अडकलेली रक्कम ८,२२,००० रुपये होते. म्हणजे कंपनीच्या साडेतीन महिन्यांच्या संपूर्ण खर्चाहूनही अधिक.

यात फसवणूक कोणाचीच नाही. काम चांगले झाले, ग्राहक समाधानी आहे, वहीत नफाही आहे. तरी एक तारखेला पगारास पैसे नाहीत. कामे जितकी अधिक, तितकी अडकलेली रक्कम मोठी. म्हणूनच अशी कंपनी मंदीत जेवढी मोडते, तेवढीच भरभराटीतही मोडते.

माणसे वाढली म्हणजे काम वाढते काय?

कामे वाढली की माणसे वाढवावी, हा सर्वसाधारण समज. शेतात खुरपणीला दहा मजुरांऐवजी वीस लावले, तर काम निम्म्या दिवसांत होते. संगणकाच्या कामात तसे होत नाही. आयबीएम कंपनीतील एका प्रचंड कार्यप्रणालीचे काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात असे दाखवून दिले की, रखडलेल्या कामात नवी माणसे घातली तर ते आणखी रखडते. कारण नव्या माणसाला शिकविण्यात जुन्या माणसाचा वेळ जातो आणि परस्परांशी बोलण्याच्या वाटा झपाट्याने वाढतात. तीन माणसांत अशा वाटा तीनच असतात. सहा माणसांत १५ आणि दहा माणसांत ४५ होतात.

तीन माणसांची कंपनी चहाच्या पेल्यावर चालते. दहा माणसांची कंपनी लेखी नोंदींवाचून चालत नाही. ग्राहकाने फोनवर काय सांगितले, कोणता बदल कोणी व केव्हा केला, परवलीचे शब्द कोणाकडे आहेत, गेल्या आठवड्याची सुरक्षित प्रत कोठे आहे, या गोष्टी एकाच्या डोक्यात असतील, तर तो नोकरी सोडून पुण्याला किंवा बंगळूरला गेल्याबरोबर कंपनीची स्मृतीच जाते. प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी गिटसारखी साधने २००५ पासून विनामूल्य उपलब्ध आहेत. खर्चाचा प्रश्न नाही, सवयीचा आहे. कार्यालयात आवक-जावक नोंदवहीचे जे स्थान, तेच येथे या नोंदींचे.

बांधणीपेक्षा देखभाल

संकेतस्थळ बांधून देणे हे एकदाचे उत्पन्न. ते सांभाळणे हे बारमाही उत्पन्न. विहीर खणणारा आणि पंप चालू ठेवणारा यांच्या मिळकतीत जो फरक, तोच येथे आहे. वार्षिक देखभालीचे वीस-पंचवीस करार हाती असतील, तर नवे काम एखादा महिना आले नाही तरी पगार निघतो. ग्राहकाचेही यात हित आहे. संकेतस्थळ ही भिंतीवरची पाटी नव्हे. त्यातील प्रणालींना वेळोवेळी सुधारणा कराव्या लागतात, अन्यथा चोरवाटा राहतात. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने काढलेल्या निर्देशांनुसार विहित प्रकारच्या सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळविणे बंधनकारक झाले. ज्या संस्थेने देखभालीसाठी कोणासच नेमलेले नाही, तिला घटना घडली हे कळण्यासच सहा महिने लागतील.

काही कंपन्या आणखी पुढचे पाऊल टाकतात. अमेरिकेतील शिकागो येथे १९९९ मध्ये थर्टीसेव्हन सिग्नल्स ही लहानशी कंपनी इतरांची संकेतस्थळे करून देण्यासाठी निघाली. ग्राहकांच्या कामांचा मागोवा ठेवण्यासाठी तिने एक साधन स्वतःपुरते तयार केले. तेच २००४ मध्ये ‘बेसकॅम्प’ या नावाने वर्गणी घेऊन सर्वांना दिले. पुढे त्याचे उत्पन्न वाढल्यावर इतरांची कामे घेणे तिने थांबविले. स्वतःची अडचण नीट सोडविली, तर तीच वस्तू विकता येते, हा त्यातील धडा. आपल्याकडील कंपन्यांना शाळांचे शुल्क, पाणीपट्टीची मागणी किंवा पतसंस्थेच्या सभासदांची नोंद यांचा जो अनुभव आहे, त्यातून अशी साधने घडू शकतात. त्यासाठी थोडी फुरसत आणि थोडी शिल्लक लागते, आणि थकलेली देयके नेमक्या त्याच दोन गोष्टी खातात.

ग्राहकाचे कर्तव्य आणि कायदा

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ या बाबतीत स्पष्ट आहे. सूक्ष्म व लघु उपक्रमांचे देयक करारात ठरलेल्या मुदतीत द्यावयाचे असून ती मुदत काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. लेखी करारच नसेल, तर मुदत केवळ १५ दिवसांची. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते आणि तंटा राज्याच्या सुविधा परिषदेपुढे नेता येतो. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी आक्षेप घेतला नाही, तर ते स्वीकारले असे समजले जाते. या संरक्षणासाठी कंपनीने १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी, काम घेण्यापूर्वीच, करून ठेवावी.

लहान कंपनी बहुधा हा कायदा वापरत नाही. पुढचे काम मिळणार नाही, या भीतीने ती गप्प राहते. म्हणून कायद्याहून अधिक उपयोग ग्राहकाच्या शिस्तीचा आहे. काम तीन-चार टप्प्यांत विभागावे आणि आराखडा, मजकूर, चाचणी अशा प्रत्येक टप्प्याच्या मंजुरीबरोबर त्या टप्प्याचे देयक द्यावे. संस्थेतर्फे सूचना देणारी व्यक्ती एकच नेमावी. अध्यक्ष, सचिव आणि मुख्याध्यापक यांनी तीन दिशांनी तीन सूचना केल्या, तर दोन महिन्यांचे काम सहा महिने चालते. दुरुस्ती कोणती आणि नवे काम कोणते, हे करारातच लिहावे. मजकूर व छायाचित्रे देण्याची ग्राहकाची तारीखही तेथेच असावी. पुष्कळ संकेतस्थळे कारागिरामुळे नव्हे, तर न आलेल्या मजकुरामुळे रखडतात.

किल्ल्या कोणाकडे?

विश्वास दोन्ही बाजूंनी हवा. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, ठरावीक मुदतीसाठी नोंदविले जाते. नूतनीकरण चुकले तर ते दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. पुष्कळदा ही नोंद करून देणाऱ्याच्याच नावावर असते. ती कंपनी बंद पडली की गावाचे नाव, नोटिसा, योजनांच्या याद्या सारे एका दिवसात नाहीसे होते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ प्रमाणे जी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची, तीही त्यात जाते. म्हणून नावाची नोंद संस्थेच्या नावे, संस्थेच्या ई-पत्त्यावर असावी. परवलीचे शब्द मोहोरबंद पाकिटात कार्यालयाच्या तिजोरीत असावेत. प्रणालीचे हक्क कोणाकडे, तेही लिहून घ्यावे. खाजगी संस्थेने नुसते पैसे दिल्याने करवून घेतलेल्या प्रणालीचा स्वामित्वहक्क आपोआप तिच्याकडे येत नाही. आणि लेखी हस्तांतरणात मुदत नमूद नसेल, तर १९५७ च्या कायद्यानुसार ती पाच वर्षेच धरली जाते.

मराठीचाही प्रश्न येथेच येतो. जुन्या टंकांत मांडलेला मजकूर तो टंक नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो आणि शोधल्यास सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा. परीक्षा सोपी आहे : पानावरील परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवावा, ‘ळ’ आणि ‘ऱ्या’ जसेच्या तसे राहिले, तर काम योग्य. नोटिशीचे नुसते छायाचित्र लावून भागत नाही, कारण अंध वाचकाचे वाचन-साधन ते वाचू शकत नाही. देवनागरीतील ‘.भारत’ हे नाव २७ ऑगस्ट २०१४ पासून मिळू लागले. त्याचाही विचार करावा.

समारोप

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. शाळा, पतसंस्था आणि बाजार समित्या वेगळ्याच. या सर्वांचे काम जवळच्या गावातील शिकलेल्या मुलामुलींना मिळाले, तर त्यांना शहराची वाट धरावी लागणार नाही आणि बिघाड झाल्यास दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर राहील. त्यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. कंपनीने नोंदी ठेवाव्या, किल्ल्या ग्राहकाच्या स्वाधीन कराव्या आणि पेलतील तेवढीच कामे घ्यावी. ग्राहकाने मजकूर वेळेवर द्यावा, आक्षेप असल्यास १५ दिवसांत लेखी कळवावा आणि देयक ४५ दिवसांच्या आत चुकते करावे. टेबलावर पडून राहिलेल्या देयकामागे सहा घरांचा महिना अडकलेला असतो, एवढे भान स्वाक्षरी करणाऱ्याने ठेवले, तरी या उद्योगाची वाढ पुष्कळ सुकर होईल.