दरबारातून मतपेटीकडे

रायपूरचे राजकुमार कॉलेज मूळचे जबलपूरचे. 1882 मध्ये तेथे निघालेली ही संस्था 1894 मध्ये या शहरात आली. छत्तीसगढ आणि शेजारच्या ओरिसातील संस्थानिकांचे पुत्र येथे एकत्र शिकत. 1 जानेवारी 1948 रोजी मात्र राज्येच संपली. छत्तीसगढची चौदा संस्थाने मध्यप्रांत-वऱ्हाडात आली, म्हणजे नागपूरच्या कारभाराखाली; पलीकडची ओरिसात विलीन झाली. गादी गेल्यावर काय करावे, या एकाच प्रश्नाला दोन्ही बाजूंनी निराळी उत्तरे मिळाली.

ओरिसातील राजांनी स्वतःचा पक्ष काढला. 1950 मधील या पक्षाचे नाव गणतंत्र परिषद! राजांनी हेच नाव निवडावे, हा योगायोग गमतीचा खरा. पाटणा संस्थानचे (बिहारच्या पाटण्याशी याचा संबंध नाही) राजेंद्र नारायण सिंहदेव आणि कालाहांडीचे प्रताप केसरी देव हे तिचे धुरीण होते. 1957 मध्ये विधानसभेच्या 140 पैकी 51 जागा तिने जिंकल्या. ही सारी मते राजनिष्ठेची होती, असे मानणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. हिराकूड धरणात संबळपूरकडची गावे बुडाली होती, आणि सत्ता समुद्रकाठच्या पुढाऱ्यांच्या हाती होती. गाऱ्हाणे प्रजेचे आणि व्यासपीठ राजाचे, असा तो मेळ होता. 1962 मध्ये परिषद स्वतंत्र पक्षात विलीन झाली आणि 1967 मध्ये सिंहदेव मुख्यमंत्री झाले.

छत्तीसगढात असा पक्ष उभा राहिला नाही. येथील अनेक राजघराणी काँग्रेसमध्येच गेली. खैरागढच्या राणी पद्मावतीदेवी मंत्री झाल्या. सारंगढचे राजे नरेशचंद्र सिंह अनेक वर्षे काँग्रेसचे मंत्री होते. मार्च 1969 मध्ये ते संयुक्त विधायक दलाचे मुख्यमंत्री झाले, तेही अवघे तेरा दिवस. त्याच वेळी सीमेपलीकडे सिंहदेव आपल्या पक्षाच्या बळावर सत्तेवर होते.

बस्तरचे प्रवीरचंद्र भंजदेव या दोन्ही वाटांपासून दूर गेले. 1961 मध्ये केंद्र सरकारने त्यांची संस्थानिक म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. आदिवासींच्या लेखी मात्र ते राजेच राहिले. त्यांच्यामागे असंख्य माणसे होती, पण राज्यभर पसरलेला, सरकारशी बोलणी करू शकेल असा पक्ष नव्हता. 25 मार्च 1966 रोजी जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात ते मारले गेले; त्यांच्याबरोबर अनेक आदिवासीही.