माळ्यावरचा कॅसिओ



1954 साली आलेल्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगी आजही वरातीत वाजते आणि माणसे रस्त्यावर फणा काढून नाचतात. ती पुंगी मात्र कुणा गारुड्याने फुंकलेली नव्हती. कल्याणजी वीरजी शाह यांनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या पेटीवर वाजवली होती. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच कारागिराने 1947 साली हे वाद्य तयार केले. आत काचेचे व्हॉल्व्ह, बाहेर पियानोसारख्या पट्ट्या, आणि एका वेळी निघणार एकच सूर. अशी वाद्ये पुढे बरीच वर्षे मुंबईच्या स्टुडिओंपुरतीच राहिली. सातारा-सांगलीकडच्या गावांत विजेचे सूर पोचले ते जपानी कॅसिओबरोबर.

काशिओ बंधू मूळचे गणकयंत्रे बनवणारे. त्यांच्या कंपनीने 1980 साली ‘कॅसिओटोन 201’ हे पहिले वाद्य बाजारात आणले. त्याला 49 पट्ट्या होत्या आणि 29 आवाज. मागोमाग लहान आणि स्वस्त पेट्या निघाल्या, आणि आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणेशोत्सवाच्या मांडवात, भजनी मंडळात, बेंजो पार्टीत त्या शिरल्या. यामाहाची पेटी असली तरी लोक तिला कॅसिओच म्हणत. वाईत आणि आसपास ज्या घरातल्या कुणाला म्हणून गाण्याचा नाद होता, त्या घरात असा एखादा कॅसिओ आज माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला सापडेल. विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘बंद पडलाय. आतली चिप गेली असेल.’

चिप बहुधा गेलेली नसते. तीस-पस्तीस वर्षांच्या स्वस्त कीबोर्डात बिघडतात त्या बव्हंशी साध्या गोष्टी. दोन धातू जिथे एकमेकांना टेकायचे तिथे टेकत नाहीत, रबर जिथे दाबायचे तिथे धूळ बसलेली असते, एखादा झाळलेला डाग तडकलेला असतो. हे सगळे दुरुस्त होण्यासारखे आहे आणि ते करणारे हात या मुलखात होते व आहेत. वाईजवळच्या पसरणीत 1923 साली जन्मलेल्या शाहीर साबळ्यांनी गाजवलेली ढोलकी, तुणतुणे, पेटी ही वाद्ये कधी ‘बंद पडली’ म्हणून फेकली जात नसत. पान बदलायचे, तार ओढायची, भात्याला नवे कातडे चिकटवायचे. मिरजेत तर तंतुवाद्यांचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तानपुरे घडवत आले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या कारागिरांकडे नवे वाद्य घ्यायला जितकी माणसे येतात, तितक्याच भरवशाने जुने, तडा गेलेले वाद्य घेऊनही येतात. कॅसिओला मात्र दुरुस्तीचा हा मान कुणी दिला नाही, कारण तो प्लॅस्टिकचा.

दुरुस्तीला बसताना सुरुवात बाहेरून करावी. पहिली चौकशी सेलच्या खणाची. आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरले गेले ते जस्त-कार्बनचे सेल. ते आत विसरले की पाझरतात, स्प्रिंगा हिरव्या-पांढऱ्या पुटाने भरतात आणि खालची तारही कुजते. हा पाझर आम्लधर्मी असतो, म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेला बोळा फिरवावा. सेल अल्कलाइन असेल तर उलट. तिथे व्हिनेगर किंवा लिंबाचे दोन थेंब. नंतर स्वच्छ पुसून, पूर्ण वाळवून, स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करावी. एवढ्यावर कितीतरी पेट्या जाग्या होतात.

दुसरी चौकशी ॲडॅप्टरची, आणि इथे जरा थांबायला हवे. कॅसिओच्या जुन्या पेट्यांना लागणारा ‘एडी-5’ हा ॲडॅप्टर 9 व्होल्टचा. त्याच्या पिनच्या आतल्या बाजूला ऋण आणि बाहेरच्या कड्याला धन. यामाहाचा ‘पीए-3’ हा 12 व्होल्टचा, आणि त्यात धन आत, ऋण बाहेर. पिन मात्र दिसायला सारखीच. घरातला एक हरवला म्हणून बाजारातून दुसरा आणला, तो बसला, आणि वीज उलटी गेली, असे झालेले नुकसान पुष्कळ ठिकाणी दिसते. पेटीच्या पाठीवर, भोकाशेजारी, एक छोटे चित्र कोरलेले असते: मध्ये ठिपका, भोवती अर्धवर्तुळ, दोन्हीकडे अधिक-उण्याच्या खुणा. ते चित्र वाचल्याशिवाय कुठलीही पिन आत घालू नये. जुना, ट्रान्सफॉर्मरवाला ॲडॅप्टर मल्टिमीटरने तपासला तर 9 च्या जागी 12-13 व्होल्टही दाखवतो. त्यावर भार नसताना तसेच व्हायचे, त्याने घाबरून जायचे कारण नाही.

पेटी ॲडॅप्टरवर चालते पण सेलवर चालत नाही, अशी तक्रारही नेहमीची. सेल नवे, स्प्रिंगा स्वच्छ, तरी काही नाही. बिघाड असतो तो ॲडॅप्टरच्या भोकात. पिन आत गेली की सेलची वाट तोडायची, पिन काढली की पुन्हा जोडायची, यासाठी तिथे एक पातळ पत्री असते. ती वाकून राहिली किंवा काळवंडली की पिन नसतानाही वाट तुटलेलीच राहते. हेडफोनच्या भोकातही अशीच पत्री असते. स्पीकर गप्प, पण हेडफोन लावला की गाणे ऐकू येते, तेव्हा आधी त्या पत्रीकडे पाहावे, मग स्पीकरकडे. भोकात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर केली की पुष्कळदा काम होते. गंज सोडवायला वापरतो तो तेलकट स्प्रे इथे नको. तो मागे चिकट थर सोडतो आणि त्यावर धूळ बसत राहते.

मग पेटी उघडायची. खालच्या बाजूला भरपूर स्क्रू असतात आणि ते सगळे एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूडाच्या जागी गेला तर वरचे प्लॅस्टिक फोडून बाहेर येतो. कागदावर पेटीचा आकार काढावा आणि जो स्क्रू जिथला, तो कागदात तिथेच टोचून ठेवावा. तारांचा फोटो मोबाइलवर काढून घ्यावा. आत काय भेटेल ते सांगता येत नाही: मुंग्यांची वारुळे, झुरळांची अंडी, कधी स्पीकरच्या कागदात पडलेले भोक. वाई आहे घाटाच्या पायथ्याला, पाऊस पाचगणीवरून उतरणारा. पावसाळाभर माळ्यावर राहिलेल्या पेटीत ओल शिरणारच.

आता पट्ट्यांकडे वळू. अशा दुरुस्तीतला सगळ्यात आनंदाचा भाग हाच. पट्टी दाबली की तिच्याखालचे रबर चेपते. रबराच्या पोटात कार्बनची काळी टिकली असते. ती खालच्या हिरव्या प्लेटवरच्या दोन काळ्या रेघांना टेकते आणि वाट जोडली जाते. टीव्हीच्या रिमोटमध्ये नेमके हेच आहे. धूळ, घामाचा ओशटपणा, कधी चहाचा एक थेंब या दोघांमध्ये आला की पट्टी जोरात दाबावी लागते, नाहीतर ती मुकीच राहते.

पण साफसफाईला लागण्याआधी एक गोष्ट नक्की करावी. पेटीतला पहिल्यापासून शेवटचा प्रत्येक सूर वाजवावा, आणि जे सूर मुके आहेत त्यांच्यावर खडूने खूण करावी. मुक्या पट्ट्या इकडे एक, तिकडे दोन अशा विखुरलेल्या असतील तर दोष धुळीचा. पण त्या ठरावीक अंतराने येत असतील, समजा दर आठवी पट्टी गप्प, किंवा ओळीने आठ पट्ट्या गप्प, तर धूळ झाडून काही उपयोग नाही. 49 पट्ट्यांना 49 वेगळ्या तारा कुणी जोडत नाही. 8 आडव्या आणि 7 उभ्या रेघांचे जाळे केले की 56 जागा होतात, आणि 15 तारांत काम भागते. त्यातली एक तार तुटली की तिच्यावरच्या सगळ्या पट्ट्या एकदम जातात. मुक्या पट्ट्यांची ही रांग कुठली रेघ तुटली ते बोट दाखवून सांगते. मग मल्टिमीटरने त्या रेघेचा माग काढायचा. बहुधा चपट्या पट्टीवायरचा डाग सुटलेला सापडतो, नाहीतर पेटी कधीतरी खाली पडून प्लेटला गेलेला केसभर तडा. तड्यावर बारीक तार झाळली की आठच्या आठ सूर एकदम परत येतात. दोष नुसता एकाच पट्टीचा असेल आणि तिथे धूळही नसेल, तर त्या पट्टीशेजारचा डायोड तपासावा. तो काही रुपयांत मिळतो.

धूळच असेल तर रबराच्या पट्ट्या सोडवायच्या. त्यांना खाली रबराचीच बारीक शेपटे असतात, प्लेटच्या भोकांतून ओढून बसवलेली. घाईने ओढली तर तुटतात, म्हणून उलट्या बाजूने बोथट काडीने हळू ढकलावीत. प्लेटवरच्या रेघा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या बोळ्याने पुसाव्यात, हलक्या हाताने. त्या रेघा रंगाच्या थरासारख्या असतात, घासल्या तर निघून येतात. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. थिनर तर मुळीच नाही, तो प्लॅस्टिक विरघळवतो. टिकल्या स्वच्छ पांढऱ्या कागदावर एकेक घासल्या की कागदावर काळी खूण उमटते आणि टिकलीचा ताजा भाग वर येतो. टिकली पूर्ण झिजली असेल तर रिमोट दुरुस्तीसाठी मिळणाऱ्या कार्बनच्या टिकल्या चिकटवता येतात. पेन्सिलीचे शिसे फासणे हा तात्पुरता इलाज आहे. कार्यक्रम उद्यावर आला असेल तर जरूर करावा, पण त्याला दुरुस्ती म्हणू नये.

पट्ट्या बाहेर काढल्याच आहेत तर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवाव्यात. त्यांचा पिवळेपणा राहिला तर राहू द्यावा. सुराला त्याची काही बाधा नाही.

पेटी जिवंत आहे, दिवा लागतो, पण आवाजच नाही, असे असेल तर वाट उलटी धरावी: स्पीकरपासून मागे. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला की ‘खट्’ असा आवाज यायला हवा. मग पेटी सेलवर चालू ठेवून, ॲडॅप्टर काढून, आवाजाच्या बटणाच्या मधल्या पायाला स्क्रू ड्रायव्हरचे टोक लावावे आणि बोट त्याच्या धातूला टेकवावे. गुरगुर आली तर पुढचा ॲम्प्लिफायर चांगला आहे, दोष अलीकडे. आवाज आहे पण मलूल, सोबत घुमघुम, तेव्हा संशय कपॅसिटरवर. त्यांच्यातले ओलसर द्रव्य काळाने वाळते. बदलताना जुन्यावर लिहिलेले आकडे पाहावेत आणि ऋण बाजूची पांढरी पट्टी जिथे होती तिथेच ठेवावी. उलटा बसवलेला कपॅसिटर फुटतो.

एवढ्या स्वस्त वाद्यासाठी हा खटाटोप कशाला, असे काहींना वाटेल. त्यांनी एमटी-40 ची हकिकत ऐकावी. कॅसिओची ही लहानशी पेटी 1981 साली आली. ओकुदा हिरोको ही तरुणी संगीत शिकून नुकतीच कंपनीत लागली होती. पेटीत आपोआप वाजणारे ठेके तिने रचले. त्यातला ‘रॉक’ नावाचा एक ठेका पुढे जमैकात पोचला. 1985 साली वेन स्मिथ या गायकाचे ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणे त्याच्यावर उभे राहिले आणि तिथल्या रेगे संगीताने नवे वळण घेतले. ते घडले एका लहान, सेलवर चालणाऱ्या पेटीतून.

आपल्याकडे या पेट्यांवर एक रास्त आक्षेप आहे, तोही सांगायला हवा. कीबोर्डाचे बारा सूर समान अंतरावर बांधलेले असतात. त्याचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपसूक उमटणाऱ्या गंधारापेक्षा 14 सेंट चढा, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या सातव्या हिश्शाएवढा. जाणता कान हा फरक लगेच पकडतो. पट्टीच्या वाद्यांचे हे दुखणे जुने आहे. हार्मोनियमला तर 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीची दारे बंद होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच प्रश्नापायी बावीस श्रुतींचा अभ्यास केला, श्रुती हार्मोनियम बनवून घेतली, आणि त्या कामात मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा कान त्यांच्या मदतीला होता. स्वस्त कॅसिओकडून श्रुतींची अपेक्षा कुणी करू नये. पण सुगम गाणे, समूहगीत, मुलांना सूर ओळखायला शिकवणे यांना तो पुरेसा सच्चा आहे.

तेव्हा पेटी बंद करण्याआधी सूर जुळवावा. पुष्कळ मॉडेलांच्या मागे किंवा तळाला ट्यूनिंगचे बटण असते. जवळच्या हार्मोनियमची पांढरी चार आणि कीबोर्डाची पांढरी चार एकत्र वाजवावी. दोन्ही सुरांत लाटा ऐकू येत असतील तर बटण तसूतसूने फिरवत लाटा मंद होऊन थांबेपर्यंत जावे. मग काळी एक, काळी दोन, असे करत सगळी पेटी तपासावी. तासभर ती चालू ठेवावी, एकदा ॲडॅप्टरवर, एकदा सेलवर. कारण तडकलेला डाग कधीकधी गरम झाल्यावरच सुटतो.

आणि खरोखरच चिप गेलेली निघाली तर? त्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी बनवलेली चिप आज सुटी मिळत नाही. तशी पेटी भंगारात देऊ नये. तिच्या पट्ट्या, रबरे, स्प्रिंगा, स्पीकर, सरकबटणांच्या टोप्या नीट पिशवीत भरून, मॉडेलचा नंबर लिहून, दुरुस्ती करणाऱ्याकडे द्याव्यात. त्याच मॉडेलची दुसरी पेटी शेजारच्या आळीत किंवा भुईंजला, मेढ्याला कुणाच्या तरी माळ्यावर असते, आणि तिचे अडलेले असते ते फक्त एका तुटलेल्या पट्टीवाचून.