जेल सांधते, शरीर भरून काढते



बाहेरगावच्या पाहुण्यांना देहूरोड म्हणजे लोणावळा लोकलचा एक थांबा वाटेल. पण २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तुकोबांचे देहू जवळच आहे आणि भोवती लष्कराचे डेपो, आयुध निर्माणी. दारूगोळा आणि यंत्रांच्या शेजाराने राहणाऱ्या वस्तीला भाजणे, कापणे, बोट चेंगरणे समजावून सांगावे लागत नाही. जखम चिघळू नये म्हणून लागणारे पेनिसिलिनही १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने देशाला पुरवले.

स्वागताध्यक्षाने पाहुण्यांच्या विषयात फार शिरू नये, असा संकेत आहे. आज तो थोडा मोडावा लागेल, कारण आपले आपण सांधणारे जेल हा विषय घरचाच आहे.

पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले आणि त्यांच्याकडे संशोधन करणाऱ्या शायनी वर्गीस अशा जेलवर काम करत होते. धातूच्या आयनांच्या मदतीने कापलेले जेल पुन्हा जुळते, हे दाखवणारा त्यांचा निबंध २००६ साली आला. पुढे वर्गीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत गेल्या. तिथल्या गटाने २०१२ साली काही सेकंदांत सांधणारे हायड्रोजेल जगापुढे मांडले, त्या निबंधावरही माशेलकर आणि लेले यांची नावे आहेत.

त्यातली युक्ती पाहण्यासारखी आहे. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे रेणूंचे जाळे. या जाळ्याला बाहेर लोंबणारे हात दिले. आम्लधर्मी द्रावणात कापाच्या दोन्ही बाजूंचे हात हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. द्रावण अल्कधर्मी केले की सोडून देतात. हात आखूड असले तर पलीकडे पोचत नाहीत, फार लांब असले तर आपसातच गोळा होतात. बरोबर लांबी शोधणे, हीच खरी कारागिरी. पण त्याला आम्ल लागते. म्हणून संशोधकांनी जठरातील छिद्रे बुजवणे, आम्लाच्या डब्यांची गळती थांबवणे असे उपयोग सुचवले. प्रेस शॉपमध्ये कापलेल्या बोटासाठी हे जेल नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे.

शिवाय ‘जखमेसारखे भरून येणारे’ हे कौतुक जरा सैल आहे. शरीर आधी फायब्रिनच्या जाळ्याने रक्त थांबवते, पांढऱ्या पेशी सफाई करतात, मग नवे कोलॅजन विणले जाते आणि त्याची डागडुजी महिनोन्‌महिने चालते. एवढे करूनही भरलेल्या त्वचेला मूळच्या साधारण ८० टक्केच बळकटी येते. जेल नवे काही विणत नाही. असलेलेच पुन्हा जोडते.

तरी जखमेवर हायड्रोजेल आहेच. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलपासून भाजलेल्या जखमांसाठी ड्रेसिंग तयार केले. त्यात किरणोत्साराने जाळेही बांधले जाते आणि त्याच टप्प्यात निर्जंतुकीकरणही होते. एका कामात दोन कामे, हे या पट्ट्यातल्या कुठल्याही कारखानदाराला लगेच पटेल. हे ड्रेसिंग आपले आपण सांधणारे नाही, पण रुग्णाच्या अंगावर पोचण्याच्या बाबतीत ते पुढे आहे.

आणि हळद? तिच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द करून घेतले. आजीच्या डब्यातली हळद आणि प्रयोगशाळेतले जेल, दोन्ही खाती एकाच माणसाच्या वाट्याला आली, हा योग गमतीचा खरा.

आता एक विनंती. चहाच्या सुट्टीत संशोधकांनी आपापसात घोळका करू नये. कारखान्यांतले सुरक्षा अधिकारी आणि प्रथमोपचार पाहणारे कामगार मागच्या रांगांत बसले आहेत, त्यांच्याशेजारी जाऊन बसावे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली जखमेवर लावायचे जेल सुकते का, तेलकट हाताला धरते का, उघडलेले पाकीट किती दिवस चालते आणि एका पट्टीला किती रुपये पडतात, हे ते विचारतील. त्यांना आकड्यांत उत्तर द्यावे.